चारशे नळ्या

"भीती माझ्याकडे ठेवायला द्या, तुम्ही नुसत्या ओरडा."

सेत्सुए ओइकावा हे वाक्य एकदाच बोलली. तोयामाच्या नगर-सभागृहामागच्या बोळात आम्ही चाळीस मुली तिच्यासमोर उभ्या होतो. आत गायकाच्या नावाने ओरडलात तर ओळखपत्रं काढून घेतील, शाळेला कळवतील, अशी आवई उठली होती आणि आमच्यातल्या अर्ध्याजणी रडकुंडीला आल्या होत्या. ती आमच्या दुप्पट वयाची. तिने तळहात पुढे केला, जणू आता त्यात कुणी खरंच काही ठेवणार आहे. कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसलो. ती हसली नाही. हात तसाच पुढे होता.

यंदा जानेवारीत ती वारली. तिच्या भाचीचा फोन आला. "मावशीच्या कपाटात औषधांची एक जुनी लाकडी पेटी आहे. वर तुमचं नाव लिहिलंय. घेऊन जाता का?" मी जाऊन आणली. तीन आठवडे झाले, पेटी माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. हलवली की आत पुठ्ठ्यावर पुठ्ठा आपटल्याचा हलका आवाज होतो. मी ती उघडलेली नाही. जेवायला मी आता दुसऱ्या खोलीत बसते.

गावात तिला शेवटपर्यंत 'त्सुकासाचा डोळा घेतला ती बाई' म्हणून ओळखत. तसं घडलेलं नव्हतं. हे माहीत असलेल्या आम्ही दोघी होतो. आता मी एकटी उरले.

ती पंधराव्या वर्षी नदीपलीकडच्या औषधं बांधायच्या कारखान्यात लागली. आमच्याकडचे फेरीवाले घरोघरी औषधांची पेटी ठेवून येतात, वर्षभराने पुन्हा जाऊन वापरलेलं भरून देतात. त्या पेट्यांसाठी पुड्या बांधायचं तिचं काम. पोटदुखीची पूड कागदावर घ्यायची, पाच घड्या घालायच्या, वीस पुड्यांचा गठ्ठा करायचा. पहिल्याच दिवशी मुकादमीणबाईने तिला सांगितलं, "एक पुडी कमी गेली, तर डोंगरातल्या कुठल्यातरी घरात कुणाचं तरी पोर तळमळेल, आणि तुला ते कधी कळणारही नाही." हे तिच्या मनात कायमचं रुतून बसलं. ती सगळं मोजायची. पायऱ्या, चपला, आमची डोकी. लोकांना वाटायचं बाई शिस्तीची आहे. मला वाटतं ती आयुष्यभर त्या न दिसलेल्या पोराला घाबरत होती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली कारखान्यातल्या रेडिओवर तिने त्सुकासा शिओमीचं पहिलं गाणं ऐकलं. तो सोळा वर्षांचा होता. आवाज अजून पुरता फुटलेला नव्हता, वरच्या सुरात चिरकायचा. त्या दिवशी तिच्या गठ्ठ्यात एकोणीसच पुड्या निघाल्या. नोकरीतली तेवढी एकच चूक. घरी जाऊन तिने त्याच्या तोक्योच्या ऑफिसला पोस्टकार्ड टाकलं: आम्ही तोयामात अकराजणी आहोत, आम्हाला त्याच्या चाहत्यांचं मंडळ काढायला परवानगी द्यावी.

अकराजणी नव्हत्या. ती एकटीच होती.

आठवड्याने छापील उत्तर आलं. अकरा सदस्यांची नावं, वयं आणि फोटो पाठवावेत. ते वाचून ती दोन दिवस जेवली नाही, असं तिनेच आम्हाला सांगितलं होतं. मग ती रोज कारखाना सुटल्यावर नागासे यांच्या रेकॉर्डच्या दुकानासमोर उभी राहू लागली. त्सुकासाची रेकॉर्ड घेऊन कुठली मुलगी बाहेर आली की तिच्यामागून अर्धी गल्ली चालायची. बोलायचं धैर्य व्हायचं नाही. मुली घाबरून पळायच्या. शेवटी नागासेच दारात येऊन ओरडले, "अहो, बोलून टाका एकदाचं! नाहीतर माझी गिऱ्हाइकं पोलिसात जातील." तिने बोलून टाकलं. तीन आठवड्यांत दहाजणी जमल्या. तेव्हापासून नागासे तिला शाखाप्रमुखबाई म्हणत. "काय हो शाखाप्रमुखबाई, आज किती पोरी पळवल्यात?" ती लाजून मान खाली घालायची आणि आकडा मात्र बरोबर सांगायची.

आम्ही तिला ताई म्हणायचो.

मी आले ती सत्याहत्तर साली, चौदाव्या वर्षी, एकतिसावी सदस्य म्हणून. तोवर मंडळाचं सगळं ठरून गेलं होतं. महिन्याला सायक्लोस्टाईलवर काढलेलं चार पानी पत्रक. जांभळा पट्टा, खांद्यावरून कमरेपर्यंत, जिचा तिने शिवायचा. ऑफिसने प्रत्येक शाखेला रंग वाटून दिले होते. कानाझावाच्या मुली पिवळ्या, आम्ही जांभळ्या. गाण्याच्या कुठल्या ओळीनंतर नाव पुकारायचं, किती वेळा, श्वास कुठे घ्यायचा, हे आम्ही नदीकाठच्या बंधाऱ्यावर घोकायचो. पहिली हाक ताईची. एवढ्याशा अंगातून तो आवाज कुठून यायचा, कोण जाणे. एकदा सभागृहाच्या मागच्या दारी त्सुकासा गाडीत बसता बसता तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "तोयामाची पहिली हाक तुमची ना? मी ओळखतो ती." एवढंच.  पुढचे कित्येक महिने आम्ही तिला चिडवायचो, "ताई, ओळखतो म्हणे!" आणि ती पत्रकाचे कागद पुन्हा पहिल्यापासून मोजायला घ्यायची.

आणि फिती. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला सगळं सभागृह रंगमंचाकडे कागदी फितींची रिळं भिरकावायचं. बाहेरचं टोक बोटात धरायचं, रीळ वर फेकायचं, ते हवेत उलगडत जायचं आणि गायक रंगांच्या पावसात उभा राहायचा. प्रत्येक रिळाच्या पोटात पुठ्ठ्याची कडक नळी असते. ती काढून टाकायची, हा मंडळांचा पहिला नियम. पूर्वी कुठल्यातरी गावात एका गायिकेच्या कपाळाला नळीसकट रीळ लागलं होतं म्हणतात. बहुतेक मंडळं हे मुलींवर सोपवत. ताई नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी आम्ही वस्तीच्या सभाघरात जमायचो. प्रत्येकीला दहा रिळं. काडीच्या टोकाने नळी ढकलायची, पिळायची, बाहेर काढायची. निघालेली नळी आपापल्या दोऱ्यात ओवायची. दहा रिळं आणि दहा नळ्यांची माळ घेऊन ताईपुढे बसायचं. ती प्रत्येक रीळ अंगठ्याने दाबून बघायची. मऊ लागलं की पुढे. माळ ठेवून घ्यायची. चाळीस मुली, चाळीस माळा, चारशे नळ्या. त्या औषधांच्या पेटीत जायच्या.

नळी काढली की रीळ पोकळ होतं, वजन जातं. ते लांब जात नाही. माझी तर जागा नेहमी मागे. शेजारी योशिमी हामातानी बसायची, माझ्याच वर्गातली, जिभेने तिखट. ती म्हणायची, "मिसाओ, तुझी फीत दर वेळी चौथ्या रांगेतल्या त्या टकल्या काकांच्या डोक्यावर पडते. तू त्यांच्याच मंडळात जा की! सदस्य क्रमांक एक."

मी हसायचे. घरी येऊन मात्र ते शब्द चघळत राहायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात त्सुकासा पुन्हा येणार होता. मी बाजारातल्या कागदवाल्याकडून एक जांभळं रीळ वेगळं विकत घेतलं. अकरावं. घरी दार लावून ते पूर्ण उलगडलं. आमच्यात आतल्या टोकावर नाव लिहायची पद्धत होती. फीत उलगडत गेली की ते टोक शेवटी त्याच्यापर्यंत पोचतं, अशी आमची समजूत. मी लिहिलं: कुराता मिसाओ, क्रमांक एकतीस. एकदा माझ्याकडे बघ. मग ते टोक नळीला लावून रीळ पुन्हा गुंडाळलं. घट्ट, फार घट्ट. हातात घेतलं तर चांगलं वजन लागलं. दहा रिळं ताईच्या अंगठ्याखालून गेली. अकरावं माझ्या दप्तरात होतं.

कार्यक्रम दुपारचा. बाहेर आमच्याकडचा तो बर्फाआधीचा गडगडाट चालला होता. समुद्रातले मासे जागे होतात म्हणतात त्याने. शेवटचं कडवं आलं, ताईची हाक गेली, आम्ही पुकारलं. मी उभी राहिले आणि सगळ्या अंगानिशी फेकलं. रीळ इतरांच्या वरून गेलं. चौथी रांग मागे पडली, पहिली मागे पडली. ते उलगडतच नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. पोचलं.

त्याने एक हात चेहऱ्यावर ठेवला. गाणं थांबलं नाही, दोन ओळी तो तसाच गायला. मग गुडघ्यांवर बसला. वाद्यं एकेक करून बंद होत गेली आणि फिती मात्र येत राहिल्या, कारण मागच्यांना काही दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून पुढच्या रविवारपर्यंत मी कशी जगले ते मला सांगता येणार नाही. सायकलची घंटी वाजली की पोलीस आले असं वाटून मी मागच्या खोलीत जायचे. वर्तमानपत्रात छोटी बातमी होती: डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया, दृष्टीबद्दल डॉक्टर काही सांगू शकत नाहीत. आई म्हणाली, "असल्या पोरींना तुरुंगात टाकायला हवं." मी भात पुढे ढकलला. ती म्हणाली, "तुला काय झालं? तू थोडीच फेकलंस."

बुधवारी योशिमीने निरोप आणला. रविवारी दुपारी सगळ्यांनी सभाघरात यायचं, ऑफिसचा माणूस तोक्योहून येतोय.

"ताई कशी आहे?" मी विचारलं.

"नळ्या मोजतेय. तीनदा मोजल्या म्हणे. चारशे भरल्या. म्हणाली, आपण सुटलो, आपल्यातलं कुणी नाही." योशिमी माझ्याकडे बघत राहिली. "तुझे ओठ का पांढरे पडलेत गं?"

"थंडी."

आठ महिन्यांनी तो परत गायला लागला. कॅमेरा नेहमी त्याच्या उजव्या बाजूने असायचा. दुसऱ्या बाजूने तो पुन्हा कधी दिसला नाही. पण हे पुढचं. त्या रविवारी आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की त्याचा डोळा जाईल किंवा राहील, आणि कुणीतरी त्याला जबाबदार आहे.

दारात आमच्या बुटांचे चाळीस जोड ओळीने लावलेले. आत चटयांवर आम्ही गुडघे मोडून बसलो. पुढे ताई, पट्टा घालून, समोर पेटी. तिच्यासमोर ऑफिसचा माणूस. त्सुजिमोतो नाव. तपकिरी सूट, हळू आवाज, नम्र बोलणं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मी कुणाला घाबरवायला आलेलो नाही," तो म्हणाला. "पोलीस माझ्याकडे नाव मागतायत. ते नाव मला द्यावं लागेल. शाळेला आणि घरी ते स्वतः कळवतील."

ताईने पेटी उघडली. माळा एकेक करून चटईवर मांडल्या. "चाळीस. प्रत्येकीत दहा. आपण मोजून बघा, साहेब. आमच्या एकाही रिळात नळी नव्हती."

त्याने खरंच मोजल्या. सगळ्या. बोटाने एकेक नळी सरकवत. बाहेर गडगडलं की तो थांबायचा, मग पुढचा आकडा घ्यायचा. चारशे झाल्यावर त्याने मान तुकवली. "आपल्यासारखी शाखाप्रमुख दुसरी नाही. तोक्योतही असंच म्हणतात."

ताईचे खांदे थोडे सैल झाले. मला ते मागून दिसलं.

मग त्याने बॅगेतून एक सेलोफेनची पिशवी काढली. आत जांभळं रीळ होतं, थोडंसं उलगडलेलं, बाकी घट्ट. नळीची कड स्पष्ट दिसत होती.

"रंग तुमचा आहे," तो म्हणाला.

ताईने रीळ हातात घेतलं. अंगठ्याने दाबलं. ते दबलं नाही. ती पुन्हा दाबत राहिली, चूक आपल्या अंगठ्याची असावी तशी. "हे माझ्या हाताखालून गेलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी बाहेरून आणलंय."

"असेल. काल कानाझावाच्या मुलींनी मला सांगितलं, की आतल्या टोकावर नाव लिहायची पद्धत आहे." त्याने रीळ परत घेतलं. "मी अजून उलगडलेलं नाही. तुमच्यासमोरच उलगडावं, म्हणजे कुणाला शंका राहायला नको."

आणि त्याने उलगडायला सुरुवात केली.

मी ते कागदाचे वेढे अजून बघते. तो घाई करत नव्हता. एक हात फीत ओढायचा, दुसऱ्या हातात रीळ फिरायचं, जांभळा कागद चटईवर पडत जायचा आणि ढीग वाढायचा. ढीग वाढत होता आणि रीळ लहान होत होतं. माझ्या शेजारी योशिमीचा श्वास ऐकू येत होता. मला बोलायचं होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर.  मला आईचा चेहरा दिसत होता, ताटासमोरचा.

रीळ जाडजूड होतं, मग मुठीएवढं झालं, मग अक्रोडाएवढं.

ताई मागे वळली. सवयीप्रमाणे ती डोकी मोजत असावी. पहिली रांग, दुसरी, तिसरी. तिची नजर प्रत्येकीवर सारखीच थांबत होती. माझ्यापाशी आली. माझे हात मांडीवर होते आणि दहाही बोटं उडत होती, मला ती थांबवता येत नव्हती. तिने बोटांकडे बघितलं. मग तोंडाकडे. पुढे सरकली नाही. मोजणं तिथेच संपलं.

ती परत पुढे वळली. "द्या इकडे, साहेब," ती म्हणाली. आवाज साधा होता. "आतले वेढे नळीला चिकटलेले असतात. तुमच्या हातून फाटेल. माझं कागदाचंच काम आहे."

त्याने दिलं.

तिने शेवटचे वेढे पटपट सोडवले, पुड्या बांधणाऱ्या बोटांनी. नळी सुटली आणि चटईवर पडली, बाकीच्या चारशेंमध्ये. वीतभर टोक तिच्या हातात राहिलं. तिने ते वाचलं. फार वेळ वाचलं, तेवढ्या अक्षरांना लागतो त्याहून फार.

"काय लिहिलंय?" त्सुजिमोतोने विचारलं.

 तिने टोक फाडून वेगळं केलं, मांडीवर ठेवलं आणि घड्या घालायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. पोटदुखीच्या पुडीला घालतात तशा. लहानशी चपटी पुडी झाली. ती तिने मुठीत घेतली.

"शाखाप्रमुख," तो आता पुढे झुकला होता, "ते मला द्या."

तिने खांद्यावरचा पट्टा काढला, नीट दुमडला, त्याच्यासमोर ठेवला. मग दोन्ही हात चटईवर टेकून कपाळ खाली लावलं. उजवी मूठ मिटलेलीच होती. ती तशीच वाकून राहिली. एवढा वेळ कुणी उगाच वाकत नाही. मागून कुणीतरी रडायला लागलं. कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे ताईनेच?" योशिमी होती ती.

"हे तुमचं होतं, असं मी समजायचं का?" त्सुजिमोतो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कल्पना आहे, पुढे काय होईल? त्याला मी काय सांगू? तो तुम्हाला ओळखतो."

त्या शेवटच्या शब्दांना तिची पाठ हलली. तेवढीच.

मी अजून बोलू शकले असते. ती उठेपर्यंत वेळ होता, चाळीस माळा गोळा करून पेटीत ठेवेपर्यंत वेळ होता. मोकळी पडलेली ती एक नळीही तिने उचलली, क्षणभर बघितली आणि पेटीत टाकली. झाकण लावलं. पेटी काखेत घेऊन ती आमच्या रांगांमधून दाराकडे निघाली. माझ्याजवळून जाताना तिचा पायमोजा माझ्या गुडघ्याला घासला. मला वाटलं, आता थांबेल. आता ती मूठ उघडेल. मी डोळे मिटून घेतले.

दारात रबरी बूट घालताना तिला वेळ लागला, कारण एक हात पेटी धरण्यात अडकलेला आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली होती. कुणी मदतीला उठलं नाही. दार सरकलं, थंड हवा आत आली, चाळीस जोडांवर बर्फाचे पहिले कण पडले. ती बाहेर पडली.